घोडीला कलम नाही

चैत्र लागला की आमच्या सोसायटीमागच्या कडुनिंबाला मोहोर येतो. अख्ख्या वाकडात बिल्डरच्या नजरेतून जी काही झाडं सुटली, त्यातलं हे एक. त्याचा कडूगोड वास संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर सातव्या मजल्यापर्यंत चढतो आणि माझ्या मांड्या आपोआप आवळल्या जातात. डॉक्टर म्हणतात, आजोबा, संधिवात आहे. मी त्यांच्या गोळ्या घेतो, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. पण तो संधिवात नाही. मांड्यांना अजून वाटतं की खाली घोडी आहे.

यंदा मोहोराच्या वासाबरोबर भांडणही घरात आलं. माझी नात वैष्णवी कंपनीत नोकरीला आहे. मोठी दणकट मोटारसायकल चालवते. रविवारी तिचे तिच्यासारखेच गाडीवेडे मित्र आमच्याकडे चहाला जमतात. त्या रविवारी सगळे एकाच गोष्टीवर तापले होते. भरधाव गाडी मारली, वेडीवाकडी काढली, तर दंड आता कितीतरी पटीनं वाढलाय, आणि पुन्हापुन्हा सापडलं तर लायसन जाणार.

“आधी रस्ते नीट करा म्हणावं, मग दंड मागा,” एक जण म्हणाला.

“भावा, खड्ड्यांत वेग येतोच कुठं? मला तर चकाचक पुलावर पकडलं.”

“मी नंबरप्लेटला चिखल फासतो. कॅमेऱ्याला काय घंटा दिसणार?”

“मग चिखलाचा वेगळा दंड भर,” वैष्णवी म्हणाली, आणि सगळे हसले.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणालो, “दंड बरोबर हाय. अजून वाढवाया पायजे.”

पोरं गप्प झाली. म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घ्यायचं म्हणून गप्प होतात तशी. वैष्णवी मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, “आजोबा, तुम्हाला झालाय का कधी दंड?”

पोरीनं सहज विचारलं. पण सत्तरेक वर्षांपूर्वी जिथं लागलं होतं तिथंच नेमकं लागलं. नाही झाला. मला कधीच दंड झाला नाही. सोपानला झाला.

सोपान आमच्या समोरच्या इमारतीत राहतो. माझा सातवा मजला, त्याचा नववा. आमच्या दोघांच्या जमिनी एकाच बिल्डरनं घेतल्या, फ्लॅटसाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि तिथंही तो माझ्या वर गेला. सकाळी तो गॅलरीत उभा राहतो तेव्हा मला मान वर करून बघावं लागतं. म्हणून मी सकाळी गॅलरीत जात नाही.

तेव्हाचं वाकड म्हणजे गावठाण, चावडी, देऊळ आणि भोवती ज्वारीची धसकटं. चैत्रात मुळा नदीचं पाणी घोट्याएवढं उरायचं आणि त्यात म्हशी बसून राहायच्या. चिंचवड स्टेशनला जायचं तर मुरमाची गाडीवाट तुडवत मोठ्या रस्त्याला लागायचं. पिंपरीच्या माळावर नवी कंपनी उभी राहत होती. रात्री तिकडं आभाळ पिवळं दिसायचं. आमच्याकडच्या पोरांना शिफ्ट हा शब्द तिथं पहिल्यांदा कळला, आणि शब्दाबरोबर हातात घड्याळ आलं, आणि घड्याळाबरोबर घाई.

रब्बीचं पीक घरात आलं की जत्रांचा हंगाम. आज या गावची, परवा त्या गावची. हलगीचा आवाज उन्हाबरोबर तापत जायचा. बैलांच्या शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, माणसांच्या भुवयांतसुद्धा गुलाल. गुळाखोबऱ्याची शेरणी हातात चिकटून राहायची आणि हात धुवावासा वाटायचा नाही. जत्रेचं काळीज म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. आमच्याकडच्या शर्यतीत गाड्यावर माणूस नसतो. चार बैल, हलका गाडा, आणि पुढं घोडीवर एक स्वार. घोडी सुटली की तिच्यामागं बैल सुटतात. तीच त्यांना वाट दाखवते, तीच ओढ लावते. चढणीवरच्या त्या धावेला घाट म्हणतात. वरच्या टोकाला निशाण पडलं की बारी संपली.

अण्णा पाटलांच्या बैलांपुढं घोडी काढायचा मान आमच्या घराचा होता, माझ्या आज्यापासून. आमच्याकडं दुसरं काही नव्हतं. जमीन माळाची, विहीर चैत्रात कोरडी. पण वर्षातला एक दिवस सगळा गाव आमच्या घराकडं बघायचा. त्या एका दिवसावर आम्ही बाकीचं वर्ष काढायचो.

आमच्या घोडीचं नाव हरणी. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तिला चाकणच्या बाजारातून आणलं तेव्हा ती शिंगरू होती. कपाळावर चांदणी, मागचा एक पाय पांढरा. मी तिच्याबरोबर वाढलो. तिच्या घामाला भिजलेल्या हरभऱ्यासारखा वास यायचा. मी विशीत होतो. मला वाटायचं, जगात हरणीपेक्षा वेगवान काही नाही, आणि तिच्या पाठीवर मी आहे.

मग फटफटी आली.

सोपान आमच्या भिंतीपलीकडचा. शाळेत आम्ही एकाच पाटावर. दुसरीत मी दोनदा बसलो, तो एकदा. चौथीनंतर मी गुरांमागं गेलो आणि तो पिंपरीला कंत्राटदाराकडं. बांधकामाचे नकाशे आणि निरोप घेऊन पुण्याला जायचं, हे त्याचं काम. त्यासाठी कंत्राटदारानं त्याला फटफटी दिली. देहूरोडला लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव व्हायचा, त्यात निघालेली. हिरवी, टाकीवरचा पांढरा आकडा अर्धा खरवडलेला. ती पहिल्यांदा गावात आली तेव्हा कोंबड्या उडून छपरावर गेल्या आणि छपरावर कौलं शाकारणारी माणसं खाली उतरली.

आबांनी जन्मात कुणाच्या पोराची तारीफ केली नव्हती. ते फटफटीभोवती एक चक्कर मारून आले, बसायच्या जागेवर हात फिरवला आणि म्हणाले, “चारा न्हाई, पाणी न्हाई. ब्येस हाय.” हरणी तिथंच उभी होती. तिनं ऐकलं.

जळणं म्हणजे काय ते मला विचारा. लोक म्हणतात ते पोटात असतं. पोटात नसतं, मानेत असतं. दुसऱ्याकडं बघायचं नाही म्हणून मान ताठ धरावी लागते आणि ती दुखते. त्या सबंध उन्हाळ्यात माझी मान दुखत होती. फटफटीचा आवाज लांबून यायचा, आधी किड्यासारखा, मग जात्यासारखा, मग छातीत. बाया पाण्याच्या वाटेवर थांबायच्या. म्हातारे पारावरून उठायचे. मी गव्हाणीत चारा टाकत राहायचो. चारा संपला तरी टाकत राहायचो.

त्याच दिवसांत चिंचवडच्या बाजारापाशी एका परगावच्या फटफटीवाल्यानं भाजीवालीला उडवलं. मेथीच्या जुड्या रस्ताभर झाल्या. बाई वाचली, पण पाय कायमचा गेला. तो माणूस थांबला नाही, सापडला नाही. पुढं कैक वर्षं ती बाई त्याच जागी बसून भाजी विकायची, काठी शेजारी आडवी ठेवून. मी दंडाच्या बाजूनं बोलतो तेव्हा पोरांना वाटतं, म्हाताऱ्याचा हेका आहे. हेका आहेच. पण त्या हेक्याला एक काठी टेकलेली आहे.

त्यावर दवंडी पिटली. भरधाव आणि बेफाम फटफटी हाकणाऱ्याला पहिल्या खेपेला महिन्याच्या पगाराएवढा दंड. दुसऱ्या खेपेला लायसन जप्त. तिसऱ्या खेपेला खडी फोडायला. शेवटचं दवंडीवाल्यानं पदरचं घातलं असावं, पण सगळ्यांनी ते खरं धरलं. तोवर असल्या गोष्टी चार आण्यांत आणि एका चहात मिटायच्या.

आमच्या भागात फटफट्या मोजून तीन. एक चिंचवडच्या डॉक्टरांची, एक कंत्राटदाराच्या मुकादमाची, एक सोपानकडची. संध्याकाळी तिघं स्टेशनबाहेरच्या हॉटेलात चहाला बसायचे. त्यांच्या गाड्या दारात, आणि आम्ही बाकीचे गाड्यांभोवती. दवंडीच्या संध्याकाळी मीही तिथं होतो. स्टेशनवर दूध पोचवायला आलो होतो, दुसरं काही नाही.

“कायदा पाहिजेच,” डॉक्टर म्हणाले. “पण कुठं बाळंतीण अडली असेल तर मी काय बैलगाडीच्या चालीनं जाऊ?”

“पण वेग मोजणार कशानं, डॉक्टरसाहेब?” मुकादम म्हणाला. “हवालदाराकडं घड्याळ न्हाई. शिट्टीसुद्धा उसनी आणलीय.”

सोपान बशीत बघत होता. “तुमी हसा. तुमचं लायसन गेलं तर टांग्यानं जाल. माझं गेलं तर नोकरी गेली.”

मी बाहेरूनच म्हणालो, “हळू चालवा की मग. कोण मागं लागलंय?”

सोपाननं बशी खाली ठेवली. “धोंड्या, हळूच जायचं तर घोडी काय वाईट व्हती?”

हॉटेल हसलं. भट्टीवरचा माणूससुद्धा हसला. मी रिकाम्या दुधाच्या किटल्या सायकलला अडकवून परत निघालो. त्या वाटभर वाजत होत्या, आणि मला वाटत होतं त्याही हसताहेत.

हवालदार साताऱ्याकडचे होते, पिळदार मिशांचे. आमची गाडीवाट मोठ्या रस्त्याला मिळते त्या वळणावर बाभळीच्या सावलीत बसायचे. वेग कसा ओळखायचा ते त्यांनी आपल्या अकलेनं शोधून काढलं. समोर आणखी एक बाभळ होती. फटफटीचा धुरळा त्या बाभळीच्या शेंड्याच्या वर गेला की भरधाव. खाली राहिला तर जाऊ द्या. कुणी याला हरकत घेतली नाही. धुरळा सगळ्यांना दिसत होता.

फटफटीवालेही हुशार. डॉक्टरांनी मोटेच्या पाटाकडेनं ओली वाट धरली, तिथं धूळच उडायची नाही. मुकादम वळणाच्या अलीकडं उतरायचा, गाडी हातानं ढकलत आणायचा, हवालदारांना रामराम घालायचा, आणि पुढं गेला की किक मारायचा. वैष्णवीचे मित्र नंबराला चिखल फासतात ते ऐकून म्हणूनच मला नवल वाटलं नाही. माणूस वेग सोडत नाही. तो धुळीचा, नाहीतर चिखलाचा काहीतरी बंदोबस्त करतो.

सोपाननं बंदोबस्त केला नाही. पुण्याहून नकाशा लवकर पोचवायचा होता, म्हणून तो सरळ वाटेनं आला, आणि धुरळा बाभळ ओलांडून वर गेला. कोर्टात त्याला पुरता दंड झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

संध्याकाळी चावडीपुढं गर्दी दिसली. मला वाटलं सोपान तोंड लपवून घरात बसला असेल. तो चावडीच्या पायरीवर मधोमध बसला होता आणि कुणीतरी थट्टेनं त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली होती.

“किती लागला?”

“महिना गेला,” सोपान म्हणाला. कुस्ती मारलेला माणूस सांगतो तसं.

“धुरळा किती वर गेला म्हणला हवालदार?”

“हवालदार म्हणला, मला शेंडाच दिसंना.”

दंडाची पावती हातोहात फिरत होती. सरकारी शिक्का, खाली सही. वाचता येणारे वाचत होते, न येणारे शिक्क्यावर बोट फिरवत होते. आबांनी ती उन्हाकडं धरून बघितली. मग माझा नंबर आला आणि मी हात पुढं केला. सोपाननं पावती आबांच्या हातातून घेतली, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“नको,” तो म्हणाला. “मळंल.”

माझे हात शेणाचे होते, हे खरं. पण त्याचे तेलाचे होते.

अण्णा पाटील तिथंच उभे होते. मोठा माणूस, हळू बोलायचा. मला बाजूला घेऊन म्हणाले, “धोंडिबा, औंदा घोडी राहू दे. आपल्या बैलांपुढं फटफटी काढू. दंड झालेली फटफटी हाय, पंचक्रोशी बघाया येईल.”

आज्यापासूनचा मान शेरणीसारखा एका मुठीतून दुसऱ्या मुठीत गेला, आणि मला वाईट कुणाचं वाटलं तर हरणीचं. घरी जाऊन बघितलं तर ती निवांत रवंथ केल्यासारखं तोंड हलवत उभी होती. तिला काही सांगितलं नव्हतं कुणी.

रात्रभर एकच विचार. सोपान मोठा झाला तो फटफटीमुळं नाही. फटफटी डॉक्टरांकडंही होती. तो मोठा झाला दंडामुळं. सरकारनं त्याच्याकडं बघितलं, त्याचा वेग मान्य केला आणि शिक्का मारून दिला. मग हरणीचा वेग का मान्य नाही? आणि धुरळ्यावरच ठरतं, तर धुरळा काय फक्त चाकानं उडतो?

सकाळी उन्हं तापायच्या आत मी निघालो. वळणाच्या बरंच अलीकडं हरणीच्या मानेवर थाप मारली आणि लगाम सैल सोडला. त्या धावेचं काय सांगू. आधी तिच्या टापा वेगळ्या ऐकू येतात, मग त्या एक होतात, मग येतच नाहीत. कानात नुसता वारा, वाऱ्यात तिचा श्वास, आणि डोळ्यांच्या कडांनी बाभळी पाण्यासारख्या वाहतात. मागं बघायचं नसतं. तरी मी बघितलं. पांढरा धुरळा आभाळाला टेकला होता.

शिट्टी वाजली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड आवाज.

हवालदार दोन्ही हात पसरून वाटेच्या मधोमध उभे. मी हरणीला कडेला घेतली. धुरळा इतका होता की त्यांना अजून काही दिसत नव्हतं. खोकत खोकत म्हणाले, “लायसन काढ.”

मग धुरळा खाली बसला.

“हे काय?”

“घोडी.”

“ते दिसतंय. म्या फटफटी समजलो.”

हे ऐकून माझी मान घटकाभर दुखायची थांबली. मी म्हणालो, “धुरळा शेंड्याच्या वर गेला का न्हाई?”

त्यांनी बाभळीकडं बघितलं. माणूस खरा होता. “गेला. चांगला हातभर वर गेला.”

“मग दंड करा.”

“बाबा, घोडीला कलम न्हाई.”

“मग घाला की. भाजीवालीला घोडीनं तुडवलं असतं तर?”

“तुडवलं असतं म्हंजी बघितलं असतं. मला बघून तू तर बाजूला घेतलीस.” त्यांनी शिट्टी खिशात ठेवली. “जा घरी. आन् आधी पाणी पाज तिला, लई घामेजलीय.”

रागावले असते तर चाललं असतं. त्यांनी आपल्या मडक्यातलं पाणी माझ्या टोपीत ओतलं आणि हरणीला पाजलं. शिक्षा मागायला गेलेल्या माणसाला पाणी पाजून परत पाठवलं, यापरता अपमान मला ठाऊक नाही.

जत्रेच्या तोंडावर सोपान दुसऱ्यांदा सापडला आणि त्याचं लायसन जप्त झालं. कंत्राटदारानं त्याला फटफटीवरून उतरवून विटा वाहायला लावलं. गाडी जत्रेनंतर जमा करायची, तोवर त्याच्याकडं. गावात कुजबुज सुरू झाली की धोंडिबानंच हवालदाराला खबर दिली. मी खुलासा केला नाही. ज्यानं केलं नाही त्यानं खुलासा कशाला करायचा?

सोपाननंच ती कुजबुज मोडली. पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, “धोंड्या चुगली करनारा न्हाई. तो तोंडावर जळतो.” मी ते भिंतीआडून ऐकलं. त्याच्या चांगुलपणाचाही मला राग आला. त्यातही तो माझ्यापुढं गेला होता.

मग तो भिंतीवरून वाकून म्हणाला, “लायसन गेलं माझं. औंदा घोडी तूच काढ.”

“उष्टा मान मला नको,” मी म्हणालो.

“उष्टा कसला? तुझाच हाय.”

“माझा व्हता तवा कुणी विचारलं न्हाई. आता तुझं अडलं म्हनून माझ्याकडं आला. नको.”

आबा त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचे बंद झाले. आई ताट वाढून निघून जायची. माझं काय जात होतं ते मला कळत होतं. मान गेला तर आमचं घर बाकीच्या वर्षासारखं कोरडं होणार, कायमचं. तरी मी हललो नाही. माझ्या मानेला आडवं हलायची सवय आहे, उभं हलायची नाही.

जत्रेच्या दिवशी सोपान फटफटी हातानं ढकलत घाटावर आला. रस्त्यावर चालवली तर तुरुंग, पण घाट देवाचा, तिथं लायसन लागत नाही, असा निकाल अण्णा पाटलांनी स्वतःच दिला होता. उन्हात हिरवी टाकी चमकत होती. माणसं झाडांवर चढली होती. मी कडुनिंबाखाली हरणीवर बसून होतो. उगाच. तिचे पाय मोकळे करायला.

चार बैल जुंपले. त्यांच्यापुढं सोपान बसला आणि त्यानं किक मारली. फटफटी गरजली, मागून निळा धूर निघाला, आणि तो सगळा बैलांच्या नाकात गेला. एक बैल जागच्या जागी खाली बसला. दुसऱ्यानं मान उलटी फिरवली, जू तिरकं झालं, गाडा आडवा. हाकारे झाले, शेपट्या पिरगाळल्या. बैल मागं तोंड करून गावाकडं बघायला लागले. आधी घाट गप्प झाला, मग हसायला लागला.

सोपाननं गाडी बंद केली. कुणाकडंच न बघता खाली उतरला.

“धोंडिबा,” अण्णा पाटील ओरडले, “घे पुढं.”

“सोपाननं म्हणाया पायजे,” मी म्हणालो.

झाडांवरची माणसं वाकून बघायला लागली. सोपान काळे हात धोतराला पुसत माझ्याजवळ आला. हरणीच्या मानेवर हात ठेवला. तिनं ठेवू दिला नसता तर मी घरी गेलो असतो. “काढ की, राव,” तो हळूच म्हणाला. “बैल तुझ्या हरणीचं हायेत.”

मी काढली. बैलांनी तिला बघितलं आणि जू आपोआप सरळ झालं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. हलगी. मागून येणारा बैलांचा भपकारा. तोंडात माती. चढणीवर हरणीची पाठ माझ्याखाली लाटेसारखी वर आली, आणि निशाण पडलं. अण्णा पाटलांची बारी त्या दिवशी सगळ्यांत वेगवान ठरली.

वरच्या टोकाला मी वळून उभा राहिलो, गुलालाची वाट बघत. दोनतीन म्हातारे आले, कपाळाला लावून गेले. बाकीचा गाव कुठं म्हणून खाली बघितलं. सगळा गाव फटफटीला लागला होता. सोपानला ती चालवत न्यायची परवानगी नव्हती, घरापर्यंत ढकलत न्यायची होती, आणि प्रत्येकाला तिला हात लावायचा होता. एवढी संधी पुन्हा कधी मिळणार? पुढं सोपान हँडल धरून, मागं माणसंच माणसं. गुलाल तिकडं उधळत होता. आबा मागच्या चाकाशी होते. दोन्ही हात लावून ढकलत होते.

हरलेल्या, दंड झालेल्या, बंद पडलेल्या गाडीमागं माझा गाव गेला. मी आणि हरणी वर. तिथून सगळं चांगलं दिसत होतं.

पुढं सोपानला लायसन परत मिळालं. पिंपरीच्या कंपनीत तो ड्रायव्हर झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. हरणी म्हातारी होऊन गोठ्यातच गेली. घाटाच्या चढणीवर आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे. रोज संध्याकाळी शेकडो गाड्या तो चढ चढून वर येतात आणि कुणी निशाण पाडत नाही.

परवा जत्रेला वैष्णवीनं मला गाडीवर मागं बसवून नेलं. मी नवा फेटा बांधला होता.

“आजोबा, हेल्मेट घाला.”

“फेट्यावर हेल्मेट घालत न्हाईत.”

“मग फेटा काढा.”

“जत्रेला बोडक्यानं जात न्हाईत.”

तिनं कपाळावर हात मारला आणि गाडी काढली, अगदी सावकाश. तिचं स्वतःचं हेल्मेट डोक्यावर होतं. दुसऱ्या दिवशी फोन माझ्यापुढं धरून म्हणाली, “बघा. तुमच्यामुळे. मागच्याला हेल्मेट नाही म्हणून.”

मी बघितलं. दंडाबरोबर फोटो होता. गाडीवर मी, फेट्याचा शेमला वाऱ्यावर, मान ताठ. आमच्याकडं त्या काळी कॅमेरा कुणाकडं होता? हरणीवर बसलेल्या माझा एकही फोटो नाही. आणि हा सरकारनं स्वतः काढून घरी पाठवला. दंड मी दिला. वैष्णवीला खर्चाला लावलं नाही. मग तिला म्हणालो, हा जाड कागदावर रंगीत काढून आण. ती माझ्याकडं बघत राहिली, पण आणला.

तो घेऊन मी समोरच्या इमारतीत गेलो. लिफ्टनं नवव्या मजल्यावर. सोपान खिडकीशी बसला होता, पायावर शाल. मी फोटो त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं भिंग शोधलं, डोळ्याला लावलं. बराच वेळ बघितलं.

“वेग किती लिवलाय?”

“वेगाचा न्हाई. हेल्मेटचा हाय.”

“हॅ,” सोपान म्हणाला. “मग काय.”

माझी मान दुखायला लागली. आयुष्यभराचं उत्तर घेऊन मी वर आलो होतो आणि त्यानं ते दोन शब्दांत परत केलं. मी फोटोसाठी हात पुढं केला. पण त्यानं तो दिला नाही. भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. चाकावरून अंगठा फिरवला, मग फेट्यावरून, मग शेमल्यावरून. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी सुरू केली, तसं त्यानं भिंग खाली ठेवलं.

“नातीची गाडी का ही?”

“व्हय.”

“मला कुणी बसवत न्हाई आता मागं,” तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, “राहू दे आज इथं. सकाळी सुनंच्या हाती पाठवतो.”

मी त्याच्या हातातून फोटो घेतला, जपून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

“नको,” मी म्हणालो. “मळंल.”